पित्तवाल्या मालनबाई

डॉक्टरनं खुर्चीत बसून "मला माहीत न्हाय" असं म्हणायची आमच्या येरमाळ्यात पद्धत नव्हती. मालनबाईंनी ती पहिल्याच आठवड्यात पाडली.

माझं मेडिकल त्यांच्या दवाखान्याला लागून. लग्नानंतर सासऱ्यांनी हायवेच्या कडेला गाळा घेऊन दिला, तेव्हापासून शेजारचा गाळा रिकामाच होता. एक दिवस तिथं "लहान मुलांचा दवाखाना" अशी पाटी लागली आणि मी हरखून गेले. लहान मुलांचा डॉक्टर शेजारी आला म्हणजे सिरपं, टॉनिकं, पावडरींचे डबे! मी एक आख्खं कपाट रिकामं करून ठेवलं.

मालनबाई सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन आलेल्या. ठेंगण्या, अंगानं भरलेल्या, सुती साडी पोटरीपर्यंत वर खोचलेली, कपाळावर चष्मा. चष्मा डोळ्यांवर फारसा कधी दिसला नाही. कळंब तालुक्यातल्याच एका खेड्यातल्या शेतकऱ्याची ही लेक. मोठ्या कॉलेजात शिकली, चार जिल्ह्यांत नोकरी केली, पण बोलणं गावातून निघताना होतं तसंच राहिलेलं.

पहिल्या आठवड्यात एक म्हातारबाबा नातीला घेऊन आले. पोरीच्या अंगावर पित्त उठलेलं. पोटावर, पाठीवर, कानामागं लालभडक चट्टे, आणि ती दोन्ही हातांनी खाजवत रडत होती. मधली भिंत पातळ, त्यामुळं मला सगळं ऐकू यायचं.

"कशानं झालं ओ हे?" बाबांनी विचारलं.

"माहीत न्हाय."

"म्हंजी?"

"म्हंजी मला माहीत न्हाय, बाबा. लेकरांना बऱ्याचदा सर्दी-तापाच्या मागं असं उठतं. कधी कशानं उठलं ते शेवटपर्यंत कळत न्हाय."

"मग तुमी डॉक्टर कशाच्या?"

मी काउंटरवर कान टवकारले. मालनबाईंचा आवाज जराही चढला नाही. "ती खाजंनं रडायलीय, कारणानं न्हाय. आधी खाज थांबवू. कारण घावलं तर घावलं."

बाबा चिठ्ठी घेऊन माझ्याकडं आले. चिठ्ठीवर एकच औषध, दिवसातनं एकदा. बाबांनी चिठ्ठी उलटी करून पाहिली, मागं काही लिहिलंय का म्हणून. मग काउंटरवर वाकून हळूच विचारलं, "बाई, ह्या खऱ्या डॉक्टर हाईत का?"

खरं सांगायचं तर त्या दिवशी मलाही तीच शंका आली होती. मी रिकामं केलेलं कपाट पुढं सासूबाईंच्या लोणच्याच्या बरण्यांना उपयोगी पडलं.

तपासायची त्यांची तऱ्हाही निराळी. लेकरू आत आलं की "या पावनं!" म्हणून उठून उभ्या राहायच्या. आईबापांना बसा म्हणायच्या, पण उभं राहायचं ते फक्त पोरांसाठी. थंडीच्या दिवसांत स्टेथोस्कोपचं टोक आधी स्वतःच्या काखेत धरून गरम करायच्या. आणि अंगावरचं काही बघायचं असलं की ट्यूबलाइटवर त्यांचा विश्वास नसे. लेकराला उचलून थेट बाहेर, माझ्या दुकानासमोरच्या ओट्यावर, उन्हात. माझ्या गिऱ्हाइकांनी तिथं किती उघड्या पाठी पाहिल्या असतील याची गणतीच नाही.

पित्ताच्या पेशंटसाठी त्यांची एक खास युक्ती होती. बॉलपेन काढायचं आणि एका चट्ट्याच्या कडेकडेनं गोल काढायचा. "हितं पोलीस बसवलाय," असं पोराला सांगायचं. "उद्या बघू चट्टा ह्या गोलात सापडतो का पळून जातो." पित्ताचा चट्टा एका जागी दिवसभर टिकत नाही. इथला जातो, तिथं नवा उठतो. दुसऱ्या दिवशी गोल रिकामा दिसला की पोरगं खूश, आई निवांत आणि बाईंची खात्री पटलेली. गोल तसाच भरलेला दिसला, किंवा चट्टा निळसर होऊन दुखायला लागला, तर मात्र त्या गंभीर व्हायच्या आणि पोराला धाराशिवला पाठवायच्या.

पोरांना हे प्रकरण भलतंच आवडलं. शाळेत एका पोरीनं रिकामा गोल मिरवला आणि दोन दिवसांत निम्मा वर्ग अंगावर गोल काढून बसला. गुरुजी रागारागानं दवाखान्यात आले. "मॅडम, ही काय साथ आलीय?" मालनबाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला, गुरुजींच्या हाताकडं बघितलं आणि मनापासून हसल्या. कुणीतरी डुलकी लागलेली बघून गुरुजींच्याही मनगटावर गोल काढला होता.

हळूहळू आसपासच्या गावांत त्यांचं नाव "पित्तवाल्या बाई" असं पडलं. याचा त्यांना राग यायचा. "मी जुलाब बी बघते, गोवर बी बघते," माझ्याकडं येऊन तक्रार करायच्या. मी म्हटलं, "बरंय की, जुलाबवाल्या बाई असं न्हाय पडलं." त्यावर चहा पिता पिता त्यांना असा ठसका लागला की पाठ चोळावी लागली.

एका बाबतीत मात्र त्या माझ्या मागंच लागायच्या. एक इंजेक्शन दवाखान्यात कायम तयार पाहिजे, आणि माझ्याकडंही पाहिजे. जीवघेण्या ॲलर्जीवरचं. ते कधी लागायचं नाही. मुदत संपायची, आम्ही नवं आणायचो, त्याचीही मुदत संपायची. दर महिन्याला त्या येऊन स्वतः बाटलीवरची तारीख वाचायच्या. त्या कामाला मात्र चष्मा न चुकता डोळ्यांवर यायचा.

"बाई, हे कधीच लागत न्हाय," मी एकदा कंटाळून म्हणाले.

"न लागू दे. पण असू दे."

चैत्रात देवीची यात्रा असते, गावात पाय ठेवायला जागा नसते. अशाच एका दुपारी सात-आठ वर्षांच्या पोरीला घेऊन तिचे वडील पळत आले. रसवंतीवर बसली असताना तिला मानेला गांधीलमाशी चावलेली. बघता बघता सगळं अंग चट्ट्यांनी भरलं, ओठ सुजून वर आले, आवाज घोगरा झाला आणि तिला धाप लागली. मागून पंधरा-वीस माणसं आणि पंधरा-वीस सल्ले. कुणी आमसूल म्हणत होतं, कुणी चुना.

मालनबाई एरवी खुर्चीतून दारापर्यंत यायच्या तोवर चहा गार व्हायचा. गुडघे दुखायचे त्यांचे. त्या दिवशी मी त्यांना पळताना पाहिलं. समोरचं लेकरू त्याच्या आईच्या हातात देऊन त्या उठल्या, इंजेक्शन भरलं आणि पोरीच्या मांडीत, पायजम्यावरूनच, टोचलं. कुणाला काही विचारलं नाही. मग एका भाविकाची जीप थांबवली, पोरीला वडिलांच्या मांडीवर टेकून बसवलं, माझ्याकडचं दुसरं इंजेक्शन मागून घेतलं आणि स्वतः शेजारी बसून धाराशिवच्या दवाखान्याकडं निघाल्या.

दिवेलागणीला एसटीनं परत आल्या. एका पायात चप्पल होती, दुसरा पाय अनवाणी.

"कशी हाय पोरगी?"

"बिस्किट मागायलीय. आजची रात ठेवून घेतील." त्या माझ्या स्टुलावर टेकल्या. "बाप सारखा विचारीत होता, कशानं झालं, कशानं झालं. म्हणलं माशीनं! एकदा तरी मला उत्तर माहीत होतं बघ."

मी पाणी दिलं. त्यांनी अर्धं पिऊन अर्धं पायावर ओतलं.

हे सगळं मी इतक्या जवळून बघत होते. पित्ताचं औषध रोज विकत होते. मग माझ्याच लेकीच्या अंगावर पित्त उठलं तेव्हा तरी मी शहाण्यासारखं वागायला हवं होतं ना?

जानेवारीचे दिवस होते. माझी थोरली जाऊ, सुनंदाताई, दोन कोसांवर शेतातल्या वस्तीवर राहतात. त्यांची पोरं शिकायला बाहेर, त्यामुळं माझ्या ईश्वरीवर त्यांचा फार जीव. ईश्वरी तेव्हा पाच वर्षांची. ताईंनी तिला हुरड्याला नेलं. दुपारभर कणसं भाजायच्या आगटीजवळ बसून पोरीनं हुरडा खाल्ला, दही खाल्लं, शेंगदाण्याची चटणी खाल्ली, बोरं खाल्ली आणि अंधार पडायच्या आत घरी आली. सकाळी सहाला उठली ती खाजवतच. पोट, मांड्या, पाठ, सगळीकडं चट्टे.

सासूबाईंनी काही विचारायच्या आत गेरू कालवला, पोरीला लाल माखली आणि घोंगडीत गुंडाळली. मी फोन उचलला आणि ताईंना लावला.

"ताई, तुम्ही हिला नक्की काय खाऊ घातलं?"

"हुरडाच की गं. आमी सगळ्यांनीच खाल्ला. का?"

"का म्हणजे? अंग बघा येऊन पोरीचं. ह्यापुढं मला विचारल्याशिवाय हिच्या तोंडात काही घालत जाऊ नका."

पलीकडून आवाज आला तो फोन ठेवल्याचाच.

मी पोरीला उचलून दवाखान्यात नेली. मागोमाग सासूबाई. घोंगडीतून फक्त लाल तोंड बाहेर आलेलं बघून मालनबाई उठून उभ्या राहिल्या. "या पावनं! तुम्हाला भाजायला ठेवलंय का काय?"

"पित्तावर ऊबच पायजे," सासूबाई म्हणाल्या.

"आजी, उबंनं खाज वाढती ओ. तुमचा गेरू राहू द्या, घोंगडी तेवढी मला द्या." घोंगडी काढून घेतली, घडी करून खुर्चीवर ठेवली आणि खुशाल तिच्यावर बसल्या. सासूबाईंना आता ती मागताही येईना. मग बाईंनी गार पाण्यात फडकं पिळून पोरीच्या पोटावर ठेवलं. पोरीनं सकाळपासून पहिल्यांदा खाजवायचं थांबवलं.

ओठ, जीभ, घसा बघितला. छातीला नळी लावली. मग माझ्याकडं वळल्या.

"हुरडा कवा खाल्ला?"

"काल दुपारी. चार वाजेपर्यंत खातच होती."

"आन् चट्टे?"

"आज सकाळी सहाला."

"मधी काय झालं का? रात्री खाजवलं? उलटी?"

"न्हाय. गाढ झोपली होती."

"मग हुरडा सुटला. खाण्यानं उठायचं असतं तर बहुतेक तासा-दोन तासात उठलं असतं. मागच्या आठवड्यात नाक गळत होतं का हिचं?"

गळत होतं. अंगही तापलं होतं. औषध मीच दिलं होतं.

"त्याचंच असंल," त्या म्हणाल्या. "असंल म्हणते. हाय म्हणत न्हाय."

त्यांनी गोल काढला, नखं कापायला सांगितलं, सैल सुती कपडे घाल म्हणाल्या. आणि दर वेळी प्रत्येक आईला सांगायच्या तसं बोट वर करून मलाही सांगितलं. ओठ-जीभ सुजली, आवाज बदलला, दम लागला, उलट्या सुरू झाल्या किंवा पोर गळून गेली तर त्यांची वाट बघत न बसता थेट मोठा दवाखाना गाठायचा. हे सगळं मी भिंतीपलीकडून शंभरदा ऐकलं होतं. त्या दिवशी वहीत लिहून घेतलं.

पण पित्त काही एका दिवसात गेलं नाही. गोल रिकामा झाला आणि दुसऱ्या पायावर नवे चट्टे आले. औषध दिलं की दबायचे, पहाटे पुन्हा दोन-चार उठायचे. बाई म्हणाल्या, "हे असं आठ-पंधरा दिवस खेळतं." मला धीर निघेना. मी आधी शेंगदाणे बंद केले, मग दही, मग अंडं, मग वांगं. सासूबाई म्हणाल्या ज्वारीचाच हुरडा होता की, म्हणून भाकरी बंद केली. पाचव्या दिवशी पोरीच्या ताटात भात आणि मुगाचं वरण एवढंच उरलं होतं, आणि चेहरा एवढासा झाला होता.

सहाव्या दिवशी मालनबाईंनी तिला ओट्यावर उन्हात बसवली आणि विचारलं, "पावनं, आज काय खाल्लं?"

"भात. आई मला भाकरी देत न्हाय."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. त्या कधी ओरडत नसत, त्या दिवशीही ओरडल्या नाहीत, पण मला काउंटरखाली लपावंसं वाटलं.

"औषध मी द्यायचं आन् शिक्षा तू द्यायची, व्हय? काय खाल्लं आन् लगेच अंगावर उठलं, असं एकदा तरी झालं का?"

"न्हाय."

"मग भाकरी दे तिला. सगळं दे." थोडं थांबून म्हणाल्या, "हुरड्याची ती तुझी जाऊ, तिला सांगितलंस का तिचा दोष न्हाय म्हणून?"

मी गल्ल्याजवळच्या गोळ्यांची पाकिटं सरळ करायला लागले. त्यांना काय समजायचं ते समजलं.

दोन आठवड्यांत पित्त गेलं. औषध बंद केलं तरी चार दिवस अंग स्वच्छ राहिलं. ताई मात्र घरी आल्या नाहीत. संक्रांतीचं वाण त्यांनी दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवलं. मी रोज ठरवायची, आज फोन करू, आणि रोज दुकानात काहीतरी काम निघायचं.

रविवारी मालनबाईंनी दवाखान्याला कुलूप लावलं आणि औषधांची बॅग घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "हुरडा संपायच्या आत खाऊन येऊ चल. पोरीला घे."

वस्तीवर पोचलो तेव्हा सुनंदाताई गोवऱ्या रचत होत्या. बाईंना बघून लगबगीनं पुढं आल्या, माझ्याकडं बघून "ये" म्हणाल्या आणि पोरीकडं बघितलंच नाही. कणसं भाजली, चोळली, पाटीत हुरडा पडला. ताईंनी बाईंना दिला, मला दिला. ईश्वरी हात पसरून उभी राहिली. ताईंनी दोन्ही हात मागं घेतले.

"न्हाय बाई. म्या न्हाय देणार. माझ्या हातचं नकोच तिला."

"का?" ईश्वरी म्हणाली. "काकू, मला भूक लागलीय."

ताईंनी तोंड दुसरीकडं फिरवलं. पदर डोळ्यांना लावला, धुराचं निमित्त करून. मालनबाई या सगळ्याकडं लक्ष नसल्यासारख्या मूठ मूठ हुरडा खात होत्या. मला मदत करतील म्हणून मी त्यांच्याकडं पाहिलं, तर त्यांनी चटणीचं ताट पुढं ओढून घेतलं.

मग मीच उठले. पाटीतला हुरडा ओंजळीत घेतला. चटका बसण्याइतका गरम होता. ताईंचा हात धरून त्यात ठेवला.

"ताई, तुम्हीच द्या. मी लई वाईट बोलले. चूक माझी होती, तुमची न्हाय आन् हुरड्याची बी न्हाय."

"पंधरा दिवस मला घास गेला न्हाय, वैशाली," ताई म्हणाल्या. "येकच म्हणत होते, असं काय दिलं म्या लेकराला." मग खाली बसल्या आणि एकेक दाणा फुंकून पोरीला भरवायला लागल्या. पोरगी दोन्ही गाल फुगवून "अजून, अजून" करत होती.

बाई म्हणाल्या, "मी दोन तास हितंच हाय. उठायचं असंल तर तेवढ्यात उठंल." बॅग उशाला घेतली आणि बाभळीखाली आडव्या झाल्या. थोड्या वेळात घोरायलाही लागल्या. आम्ही जावा-जावा आगटीशी बसून कितीतरी बोलत राहिलो. ईश्वरी ज्वारीच्या सरीतून पळत होती. मी तिचा गुडघा, पोट, मान सारखी बघत होते. कुठं काही नव्हतं. निघताना ताईंनी हुरड्याची पिशवी बांधून दिली आणि वर बोरं घातली. त्यानंतर ताई दर गुरुवारी बाजाराला आल्या की आधी माझ्या दुकानात येऊन बसतात.

मालनबाई पुढं चार वर्षं आमच्याकडं होत्या. मग गुडघ्यांनी अगदीच हाय खाल्ली. धाराशिवला धाकट्या बहिणीकडं राहायला गेल्या. जाताना पोरांना सांगितलं, "पावनं, आता मी पावनी." शेजारच्या गाळ्यात आता मोबाइलचं दुकान आहे.

मागच्या पावसाळ्यानंतर दुकानाच्या लायसनच्या कामासाठी मी धाराशिवला गेले होते. ईश्वरी बरोबर होती, आता माझ्या खांद्याला लागते. ऑफिस उघडायला वेळ होता म्हणून आम्ही एका मैदानाच्या कडेला उभ्या होतो. समोरून एक स्कूटी येत होती. तिच्यावर पोटरीपर्यंत साडी खोचलेली एक ठेंगणी बाई, डोक्यावर भलंमोठं हेल्मेट, दोन्ही पाय जमिनीपासून वीतभर वर धरलेले. मागून त्यांच्यासारखीच दिसणारी एक बाई "ताई, हळू! ताई, हळू!" करत धावत होती.

"बाई!" मी ओरडले.

त्यांनी मान वळवली, स्कूटी लगेच वाकडी झाली, त्यांनी ती कशीबशी सरळ केली. "वैशाली! पोरगी का ही? अगं केवढी झाली!" एवढं बोलेपर्यंत पुढं निघून गेल्या. मैदानाला वळसा घालून परत आल्या. "गुडघ्यांनी चालवंना, म्हणलं चाकावर जाऊ! जाऊ बरी हाय का तुझी?"

"बरी हाय! तुमची आठवण काढतात! बाई, थांबा की जरा!"

त्या पुन्हा पुढं गेल्या होत्या. आम्ही तिसऱ्या फेरीची वाट बघत राहिलो. या वेळी त्या जवळून गेल्या, चेहरा लाल झालेला, आणि इतक्या आनंदात मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

"चहा पिऊनच जायचं, घर हितंच हाय!" त्या ओरडल्या. "थांबायचं शिकले की आलेच!"

आणि बहिणीला मागं टाकून त्या चौथ्या फेरीला निघाल्या.